रुसलेल्या फुवांची विहीर

रुसणारे फुवा खान्देशात घरटी एक सापडतील, पण रुसण्याच्या जोरावर अख्खी वस्ती सुधारून दाखवणारा फुवा तापीपासून गिरणेपर्यंत एकच झाला आणि तो आमच्या वाट्याला आला. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडच्या लग्नात नवरदेव-नवरीच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस म्हणजे रुसलेला फुवा. तो रुसला नाही तर कार्य सुनंसुनं वाटतं आणि रुसला की मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळतं. बाकीचे फुवा हे काम कर्तव्य म्हणून उरकतात. कुठंतरी अर्धा तास तोंड फिरवून बसतात आणि जिलबी आली की विसरून जातात. आमच्या फुवांनी मात्र त्यात जीव ओतला होता. पत्रिकेत धाकट्या साडूचं नाव आपल्या वर छापलं म्हणून ते रुसले आहेत. दुसऱ्या जावयाला घ्यायला स्टँडवर मोटरसायकल गेली आणि आपल्याला 'जवळच आहे, या चालत' असं सांगितलं म्हणून रुसले आहेत. एका लग्नात तर सगळं यथासांग झालं, मानाची टोपी झाली, उपरणं झालं, भरितावर कांद्याची पात त्यांना आधी वाढली, तेव्हा 'मला रुसायला जागाच ठेवली नाही, म्हणजे मी तसला माणूस वाटलो का तुम्हाला?' म्हणून रुसले.

पण त्यांच्या रुसण्याला एक शिस्त होती. जागा अशी निवडायची की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपण दिसलो पाहिजे, पण आपण कुणाकडं बघत नाही हेही दिसलं पाहिजे. खुर्ची मांडवाकडं पाठ करून ठेवायची. पिशवी मांडीवर घ्यायची. पायात एकच बूट चढवायचा. एक बूट म्हणजे बोलणी चालू आहेत आणि दोन्ही बूट म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं आहे, हे आमच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक होतं. मग आमच्याकडचं कुणीतरी मनवायला जायचं, अर्धा-पाऊण तास खालच्या आवाजात बोलायचं आणि फुवांना घेऊन पंगतीला यायचं. दोंडाईच्याच्या एका लग्नात ते खरोखरच दोन्ही बूट घालून रेल्वे स्टेशनावर जाऊन बसले. मनवणारा पोहोचेपर्यंत एक गाडी येऊन गेली होती. 'गेला नाहीत?' असं विचारल्यावर म्हणाले, "गर्दी व्हती." नंतर स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडून कळलं की गाडी जवळजवळ रिकामीच होती.

असा हा माणूस नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झाला आणि धुळ्यातल्या आपल्या घरी दिवसभर बसू लागला. त्यांची वस्ती कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे आहे. जिनिंग चालू होतं तेव्हा कामगारांनी बांधलेली घरं. काही पत्र्याची, काही स्लॅबची. शेतमजुरी सोडून शहरात आलेली पाटील मंडळी, दोन गल्ल्या बौद्ध कुटुंबांच्या, कोपऱ्यावर शिंप्यांची चार घरं, पलीकडं सुरतेला जाऊन-येऊन राहणारे कामगार. उघडी गटार, आठवड्यातून एकदा तोंड दाखवून जाणारा नळ आणि मधोमध एक जुनी दगडी विहीर. विहिरीत पाण्याचा टिपूस नव्हता, पण बाकी सगळं होतं: फुटकी बादली, गाद्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, एकदा तर अख्खी सायकल निघाली. मी जळगावहून महिन्या-दोन महिन्यांनी जायचो आणि नाकाला रुमाल लावून त्या विहिरीला वळसा घालायचो.

फुवांना वस्तीच्या कामात कुणी ओढलं नाही. घरात बसून त्यांनी आमच्या आत्याचं डोकं खाल्लं म्हणून तिनंच त्यांना एका सभेला हाकललं. सभा झाडं लावण्याची होती. उत्साहात वीस रोपं लागली आणि महिन्याच्या आत एकूणएक नाहीशी झाली. सगळ्यांनी शेवटच्या घरच्या शेळीला दोष दिला. फुवा मात्र तीन दिवस गल्लीतून हिंडले, याच्या-त्याच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी निदान केलं. खड्डे खणायला सुरुवात पहिल्या घरापासून झाली होती आणि शेवटच्या घराला साधं 'या' म्हणायलाही कुणी गेलं नव्हतं. "झाडं शेळीनी खादात नई," ते आत्याला म्हणाले, "झाडं रुसवानी खादात. शेळी नुसती सोडेल व्हती." चाळीस वर्षं स्वतः रुसण्यात घालवलेल्या माणसाशिवाय हे कुणाला दिसलं नसतं.

तेव्हापासून त्यांनी एक पद्धतच पाडली. कुठलंही काम निघालं की बाकीचे लोक विचारतात, मदतीला कोण येणार? फुवा दारोदार जाऊन विचारायचे, "या कामात रुसणार कोण?" लोक आधी हसले, मग आपल्या शेजाऱ्यांची नावं हौसेनं सांगू लागले. ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा यायचं त्याच्याकडं फुवा संध्याकाळी धुतलेला सदरा घालून जायचे आणि त्या कामाचं मुखत्यारपण त्याच्या गळ्यात घालून यायचे. ओल्या कचऱ्याचा खड्डा करायचा ठरला तेव्हा वासाच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या बाईंकडंच त्यांनी झाकणाचा ताबा दिला. त्या दिवसापासून त्या बाईंनी झाकण असं सांभाळलं की चुकून प्लॅस्टिकची पिशवी टाकणाऱ्याची सात पिढ्यांची उजळणी व्हायची. त्या खड्ड्याच्या खतावर आता वस्तीतल्या निम्म्या गच्च्यांवर मेथी आणि पोकळा उगवतो. शेवटच्या घरच्या शेळीवाल्याला त्यांनी झाडांचा राखणदार केलं. शेळीला दावं लागलं. त्यानंतर लावलेली कडुनिंबाची झाडं आज पत्र्याच्या वर गेली आहेत.

पण फुवांचा खरा जीव अडकला होता विहिरीत. वस्तीतल्या लोकांना ती बुजवून वर फरशी टाकून हवी होती, म्हणजे लग्नाकार्याला मंडप टाकायला जागा झाली असती. मुरमाचा ट्रॅक्टर कधी आणायचा हेसुद्धा ठरलं. फुवा उठून म्हणाले की विहीर उपसू, सगळ्या छतांचं पावसाचं पाणी पाइपानं आणू, दगड-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून आत सोडू, म्हणजे उन्हाळ्यात बायकांना टँकरमागं पळायला नको. फिटर माणूस, त्यानं कागदावर पाइपांचा नकाशाही काढून आणला होता. सभेनं नकाशा हातोहात फिरवला, कौतुक केलं आणि विहीर बुजवायचं कायम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुवांनी घरातली खुर्ची उचलली, विहिरीच्या काठावर वस्तीकडं पाठ करून मांडली, पिशवी मांडीवर घेतली आणि एका पायात बूट घालून बसले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, पण ती वेगळीच पसरली. दुपारी एक पुढारी हार आणि फोटोग्राफर घेऊन उपोषणाला पाठिंबा द्यायला आले. त्याच वेळी आत्यानं पाठवलेला डबा उघडून फुवा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर शेवभाजी ओरपत होते. पुढारी चपापले. "आबा, निदान आम्ही असेपर्यंत तरी..." असं काहीतरी पुटपुटले. फुवांनी हात न धुताच त्यांना समजावलं.

"हाई उपोषन नई शे. मी रुसेल शे."

"म्हणजे तेच ना?"

"तेच कसं? उपोषन सरकारवर करतस. रुसतस घरना मानसेसवर. तुमना आठे काय काम?"

पुढारी हार घेऊन परत गेले. वस्तीतली माणसं आजूबाजूला उभी राहून हे ऐकत होती. त्यातल्या बऱ्याच जणांना, विशेषतः जी घरं एकमेकांच्या दारात हळदी-कुंकवालाही जात नव्हती त्यांना, आपण फुवांच्या घरची माणसं आहोत हे त्या दिवशी प्रथमच कळलं. आता घरचा माणूस रुसला म्हटल्यावर त्याला मनवणं आलं. पहिल्या दिवशी शिंप्यांची मंडळी आली, दुसऱ्या दिवशी शेळीवाला आला. फुवांनी मान हलवली नाही. तिसऱ्या दिवशी बौद्ध गल्लीतल्या अक्का आल्या. या अक्का अंगणवाडी चालवायच्या आणि बायकांचा बचत गटही. बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी फुवांसमोर उभं राहून निकाल दिला: "एक पावसाळा देऊ तुम्हाला. दिवाळीपर्यंत विहिरीत पाणी दिसलं तर विहीर राहील. नाही दिसलं तर मुरमाची पहिली पाटी तुम्हीच टाकायची. आहे कबूल?" फुवांनी दुसरा बूट पिशवीतून काढून पायात घातला आणि उठले. हे दोन बूट मात्र कामाला लागण्याचे होते.

वस्तीनं अक्कांचा शब्द मानला आणि मग असं काम झालं की विचारू नका. आठवडाभर विहीर उपसत होते. ज्याच्या घरात जो पाइपाचा तुकडा पडला होता तो त्यानं आणला; हिरवा, पांढरा, करडा, जाड, बारीक. फुवांनी ते सगळे एकमेकांत बसवले. गळणारा सांधा दिसला की त्यांना रात्री झोप लागायची नाही आणि ते आत्यालाही लागू द्यायचे नाहीत. एकामागून एक छतं जोडली गेली आणि मग काम नानांच्या कुंपणापाशी येऊन थांबलं.

नाना म्हणजे विहिरीला लागून असलेल्या दुमजली घराचे मालक, निवृत्त मास्तर. वस्तीतली सगळ्यात मोठी गच्ची त्यांची, आणि मागच्या गल्लीतल्या घरांचे पाइप विहिरीपर्यंत यायचे तर त्यांच्याच अंगणातून यायला हवे होते. नाना नाही म्हणाले तर निम्मं पाणी गटारीत जाणार आणि दिवाळीला मुरूम पडणार, हे सरळ होतं. आणि नाना नाही म्हणाले. कारण विचारलं तर बोलेनात. त्यांचं दार दुपारचंही बंद राहू लागलं.

आता गंमत अशी की नाना फुवांचे जिवलग. रोज दुपारी दोघांचा पत्त्यांचा डाव ठरलेला. 'या कामात रुसणार कोण?' म्हणत फुवा वस्तीतली सगळी दारं ठोठावून आले होते, फक्त नानांचं सोडून. घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं, असं ते धरून चालले होते. नकाशात नानांच्या गच्चीवर लाल पेन्सिलीनं पाइपसुद्धा काढला होता आणि तो अख्ख्या सभेनं पाहिला होता, नानांना न विचारता. आत्यानं हे लक्षात आणून दिलं तेव्हा फुवांनी नकाशा उघडून त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. जन्मभर ज्या चुकीसाठी त्यांनी सगळ्या सासुरवाडीला वेठीला धरलं होतं, नेमकी तीच चूक त्यांच्या हातून झाली होती.

मग फुवा मनवायला निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांना रुसणं येत होतं. मनवण्याचा काडीचाही अनुभव नव्हता. पहिल्या दिवशी दारात अर्धा तास उभे राहून परत आले ते नानांवर चिडूनच. "दार लाईसन कोनी रुसस का?" असं त्यांचं म्हणणं होतं. "मनावाले येनारानी बसानं कोठे? रुसनाराले काही जबाबदारी शे की नई?" दुसऱ्या दिवशी ते नानांना रुसावं कसं हे बंद दारातून शिकवून आले: एक खुर्ची आपल्यासाठी बाहेर टाका, एक येणाऱ्यासाठी टाका, अधूनमधून सुस्कारा सोडा, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा मिळते. तिसऱ्या दिवशी दोन खुर्च्या बाहेर आल्या होत्या, पण एकीवर नानांची पाठ होती आणि दुसरीवर मांजर. फुवांचे गुडघे तेव्हा आधीच दुखत होते. तरी रोज संध्याकाळी ते वस्तीचा चढ चढून जायचे, मांजर उठवायचे, बसायचे आणि तासाभरानं रिकाम्या हातानं परत यायचे. आकाशात ढग जमू लागले होते. आत्या म्हणायची, "बठ्ठं आयुष्य लोकेसले पळवं, आते पळा." पण रात्री त्यांच्या गुडघ्यांना तेलही तीच चोळायची.

नवव्या दिवशी नाना बोलले. म्हणाले, "विहिरीला पाणी लागलं तर पहिली बादली कोण ओढणार?" वस्तीत याबद्दल प्रश्नच नव्हता. पहिली बादली फुवांचीच हे सगळे गृहीत धरून होते आणि फुवा स्वतः तर पहिल्या दिवसापासून धरून होते. त्यांनी त्यासाठी नवा दोरसुद्धा आणून ठेवला होता. मानासाठी रेल्वे स्टेशन गाठणारा हा माणूस. मी त्या दिवशी धुळ्यातच होतो आणि त्यांच्याबरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. फुवांनी आधी मांजराकडं पाहिलं, मग विहिरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी, नाना. अजून कोन?" दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या गच्चीला पाइप लागला.

पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला, पण सगळ्या छतांचा मिळून जो झाला तो विहिरीत उतरला. दसऱ्याच्या सुमारास विहिरीच्या खालच्या सात पायऱ्या पाण्याखाली होत्या. अक्कांनी स्वतः वाकून पाहिलं, खडा टाकून पाहिला आणि मुरमाचा विषय कायमचा मिटला. पहिली बादली ओढण्याचा दिवस ठरला. नाना परीटघडीचे कपडे घालून आले, दोर हातात घेतला, अख्खी वस्ती काठाभोवती जमली आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की फुवा नाहीत.

सगळ्यांना एकच वाटलं. नाना तर ओशाळे झाले; दोर तसाच कठड्यावर ठेवून निघाले. त्यांच्यामागं अक्का, शिंपी, शेळीवाला, झाकणवाल्या बाई, सगळी वस्ती फुवांच्या दाराशी. इतकी माणसं मनवायला येण्याचा योग कुठल्याच लग्नात आला नव्हता; अशा एका दिवसासाठी फुवांनी पूर्वी काय दिलं नसतं! आणि फुवांनी पहिल्या हाकेला दार उघडलं. पायात बूट नव्हता, दोन्ही चपला होत्या.

"रुसलात का हो?" नानांनी विचारलं.

"छे. मी तठे ऱ्हातू, तं लोके दोर मना हातमा देतात. मंग तुमी रुसतात. म्हनीसन घरमा बसनू."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अहो, इतली मानसं मनावाले उनात, जरासा येळ तं लावना व्हता!" हे ती अगदी मनापासून म्हणाली होती. फुवा हसले, चष्मा पुसला आणि सगळ्यांबरोबर विहिरीवर आले. नानांनी बादली ओढली. सवय नसल्यानं निम्मी वाटेतच सांडली. उरलेल्या पाण्यानं अक्कांनी पहिला पेला फुवांना भरून दिला.

आता त्या विहिरीवर बायका रोज पाणी भरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत टँकरची वाट पाहावी लागत नाही. शेजारच्या दोन वस्त्या नकाशा मागायला येऊन गेल्या. फुवांनी त्यांना नकाशा दिला आणि बजावलं की पाइप नंतर लावा, आधी आपल्या जिवलगाला विचारून या. सगळं छान चाललं आहे. फक्त आमचे फुवा रुसेनासे झाले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात जळगावला माझ्या मुलीचं लग्न झालं. फुवा रुसणार हे धरून आम्ही सगळी तयारी ठेवली होती. कुणी आधी जायचं, कुणी नंतर जायचं, टोपी-उपरणं कुणी न्यायचं. त्यात खरोखरच आमच्याकडून चूक झाली. गडबडीत त्यांना स्टँडवर घ्यायला कुणी गेलंच नाही. भर दुपारी ते आत्याला घेऊन रिक्षानं आले, मांडवाच्या एका कोपऱ्यात बसले, पाणी प्यायले आणि पोरांशी गप्पा मारू लागले. मला राहवेना. मी जाऊन विचारलं, "फुवा, चूक झाली आमची. रुसला नाहीत?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आते नई रुसनार रे. मनावाले येस त्याना पाय दुखतस. माले नानाना दारमा समजनं." मग म्हणाले, "तुना बाप तं दर येळले भडगावहून ये. यष्टीमा, हुभा ऱ्हाईसन."

बाबा जाऊन आता पाच वर्षं झाली. आमचं घर तेव्हा भडगावला होतं. लग्न कुठल्याही गावी असो, फुवांना मनवायला दर वेळी तेच जायचे, पण पाय दुखले असं त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. 'आणलं फुवांना' एवढंच म्हणायचे आणि हसायचे. मला त्या मांडवात एकदम भरून आलं. पंगतीला चला, असं फुवांना म्हणायचं राहून गेलं. मी एक खुर्ची ओढली, मांडवाकडं पाठ केली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो. शेवटी फुवाच उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल, भाऊ. जेवन थंड व्हई ऱ्हायनं."